फुटव्याबरोबर नावही द्या

आपल्या बहुतेक रोपवाटिकांत ‘ब्रोमेलियाड’ अशी एकच पाटी दिसते. चंदेरी पट्ट्यांचं एक्मिया, लालभडक तुऱ्याचं गुझमानिया आणि ऐन मध्यात रंगणारं निओरेगेलिया, सगळी त्याच पाटीखाली उभी असतात. या कुळात तीन हजारांहून अधिक प्रजाती आहेत. एकीला मानवणारी निगा दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून अभिवृद्धीची सुरुवात ओळख पटवण्यापासून व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

एक्मिया फॅसिआटाचंच पाहा. हे झाड आग्नेय ब्राझीलच्या जंगलातलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडली यांनी १८२७ मध्ये त्याला बिल्बर्जिया वंशात घातलं. १८७९ मध्ये बेकर यांनी ते एक्मियात आणलं. तुरा आला की शंका उरत नाही: गुलाबी, काटेरी छदांचा दाट शंकू आणि त्यातून डोकावणारी लहान निळसर फुलं. तुरा नसेल तर पानं पाहा. ती रुंद, पट्ट्यासारखी असतात आणि कडेला काळसर काटे असतात. गुझमानिया आणि व्रिसिया यांच्या पानांच्या कडा गुळगुळीत असतात, त्यामुळे ती इथेच वेगळी पडतात. मात्र ‘प्रिमेरा’ हा फॅसिआटाचाच वाण बिनकाट्यांचा आहे, हे ध्यानात ठेवा. खरी गल्लत होते ती एक्मिया चँटिनीशी, कारण आडवे चंदेरी पट्टे तिलाही असतात. तिचा तुरा फांद्या फुटलेला आणि छदं लाल-नारिंगी असतात. ती ॲमेझॉन खोऱ्याच्या उबदार हवेतली. नाशिक-पुण्याची हिवाळ्यातली रात्र तिला उघड्यावर सोसत नाही.

फॅसिआटाचे चंदेरी पट्टे म्हणजे पाणी शोषणारे सूक्ष्म खवले. पान पुसलं की ते जातात आणि त्या पानावर पुन्हा येत नाहीत. चकाकीसाठी तेलकट द्रव्य फवारलं तर ते बुजतात. तेव्हा ही पानं पुसू नका, चमकवू नका. दुसरा धोका तांब्याचा. कोकणात सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण सर्रास फवारतात. त्याचे तुषार ब्रोमेलियाडवर येऊ देऊ नका, तांबं या कुळाला घातक आहे. कुंडीत निव्वळ माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे तुकडे असं मोकळं माध्यम चालतं. पानांच्या पेल्यात पाणी हवं. पण डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवडा भरण्याआधीच ते ओतून नवं भरा.

आता फुटव्यांविषयी. प्रत्येक झाड एकदाच फुलतं. तुरा कित्येक महिने टिकतो, मग झाड हळूहळू वठतं आणि बुडाशी फुटवे धरतं. इथे घाई नडते. फुटवा आईच्या निदान एक तृतीयांश, शक्यतो निम्म्या उंचीचा होईपर्यंत काढू नका. कोवळा काढलेला बिनमुळांचा फुटवा बहुधा कुजतो. धारदार, स्वच्छ चाकूने बुडापासून कापा, जखम एक-दोन दिवस सुकू द्या आणि उथळ लावा. आईचं झाड फेकू नका. ते आणखी फुटवे देऊ शकतं. फुलोरा धरण्यासाठी अननसाला इथेफॉन देणाऱ्या बागायतदारांना त्यामागचं तत्त्व ठाऊक आहेच. अननस याच कुळातला, आणि इथेफॉनमधून सुटणाऱ्या इथिलीनने पूर्ण वाढलेलं एक्मियाही फुलोऱ्यावर येतं. अपुऱ्या वाढीच्या रोपावर मात्र हा प्रयोग करू नये. तुरा खुरटा येतो आणि झाडाची फुलण्याची एकुलती एक संधी वाया जाते.

फुटव्यात आईचे गुण जसेच्या तसे उतरतात. बियांपासून केलेल्या रोपांत, विशेषतः संकराच्या, ही खात्री नसते. म्हणून फुटवा कापतानाच त्याच्या कुंडीत पट्टी खोचा. तिच्यावर शास्त्रीय नाव, वाण, कोणत्या झाडापासून काढला आणि कधी, एवढं लिहा. ओळख पटली नसेल तर ‘एक्मिया, प्रजाती अनिश्चित’ असं लिहा. अंदाजाने नाव ठोकू नका. कारण चुकीचं नाव फुटव्यागणिक वाढत जातं, एका रोपवाटिकेतून दहा रोपवाटिकांत पोचतं आणि मग ते दुरुस्त करणं कोणाच्याच हाती राहत नाही. पट्टीला पैसा जवळपास लागत नाही. या हंगामात फुटवे काढाल तेव्हा एकही कुंडी बिननावाची बाहेर जाऊ देऊ नका.