वाईनच्या दुकानांतील वाईन

महाराष्ट्रांत ज्या दुकानाच्या पाटीवर ‘वाईन्स’ हा शब्द ठळक अक्षरांत झळकतो, त्या दुकानाचा खरा व्यापार व्हिस्की, रम आणि बिअर यांचा असतो. ज्या वस्तूचें नांव दारावर, ती वरच्या फळीवर धूळ खात उभी. नांव एकाचें आणि संसार दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. आणि त्याची किंमत सामान्य ग्राहकाला भरावी लागते, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. महाळुंग्याच्या एका कारखान्यांत अभियंता असलेला आमचा भाचा लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठीं वाईनची बाटली आणावयास निघाला. ‘मामा, तुम्ही वाचलेलें असतें, तुम्ही बरोबर चला,’ असें तो म्हणाला. लोखंडी जाळीपलीकडील माणसानें दोनच प्रश्न विचारले: ‘कितीपर्यंत पाहिजे?’ आणि ‘गोड कीं कडू?’ ‘पांढरी द्या, पण जरा हातांत द्या, वाचून पाहतों,’ असें भाच्यानें म्हणतांच मागें उभ्या असलेल्या, नुकत्याच पाळीवरून सुटलेल्या मंडळींत कुरकुर सुरू झाली. त्यानें मुकाट्यानें बोट दाखविलें, सातशें रुपये मोजले आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेली बाटली काखेंत मारून तो चोरासारखा बाहेर पडला. घरीं उघडल्यावर ती शिळी, शिजल्यासारखी लागली. बाटलीवरील हंगामाचें साल चार वर्षांपूर्वीचें होतें. तितके उन्हाळे तिनें कोणकोणत्या पत्र्याखालीं काढले असतील, तें देव जाणे!

आतां रसिक म्हणविणारे एक पंडित आम्हांस सांगतील कीं, सातशें रुपयांत दुसरें काय मिळणार? हा युक्तिवाद अज्ञानाचा आहे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत किंमत व नांव झांकून सहा हजारांहून अधिक वेळां वाईन चाखविण्यांत आली. शिक्षण न घेतलेल्या चाखणारांना महाग वाईन अधिक आवडली नाहीं, उलट किंचित् कमीच आवडली. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एकच वाईन एकदां दहा डॉलरची आणि एकदां नव्वद डॉलरची म्हणून पाजली. लोकांना नव्वदवाली अधिक चांगली लागली! जीभ पुष्कळदां पैशाचीच साक्ष देते, एवढाच याचा अर्थ. तेव्हां ज्याच्या खिशांत सातशें रुपये आहेत, त्यानें आपली जीभ कमी कुळीची समजण्याचें कांहींच कारण नाहीं.

त्याला हवें आहे तें निराळेंच. हंगामाचें साल हें त्यांतलें पहिलें. आपल्याकडे एप्रिलांत खरड छाटणी आणि पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी होऊन वाईनचीं द्राक्षें जानेवारी ते मार्चमध्यें उतरतात. स्वस्त पांढरी वाईन त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत संपवावी, ती मुरवून वाढणारी नव्हे. दुसरें द्राक्षाचें नांव: शेनिन ब्लां, शिराझ हीं वाईनचीं द्राक्षें, ताटांत येणारें थॉम्पसन निराळें. तिसरी गोडी. जिच्यांतील साखर आंबतांना जवळजवळ संपली ती ‘ड्राय’. तिला कडू म्हणून ग्राहकाला भिवविणें हा शुद्ध अडाणीपणा होय. आणि ‘पोर्ट’ म्हणून जी स्वस्त गोड बाटली आपल्याकडे खपते, तिचा पोर्तुगालांतील डौरो नदीकांठच्या पोर्टशीं नांवापुरताच संबंध. राहतां राहिली बुचाची गोष्ट. फिरकीचें झांकण हें हलकेपणाचें लक्षण मुळींच नव्हे. एवढें वाचावयास दोन मिनिटें पुरतात. पण तें छापलेलें असतें बारीक इंग्रजी अक्षरांत, आणि बाटली असते जाळीपलीकडे!

यावर दुसरा पक्ष खवळून उठेल: ‘म्हणजे घरोघर दारू शिकवावयाची काय?’ या पक्षाबद्दल आम्हांस आदर आहे. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तें ज्या दुःखांतून आलें तें दुःख संपलेलें नाहीं. गांवोगांवच्या बायांनीं मतदानानें बाटली आडवी केली, ती हौसेखातर नव्हे. मद्याचें कोणतेंच प्रमाण प्रकृतीस निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. म्हणूनच, जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां ‘वाईन ही दारू नव्हे’ असें जें सत्ताधाऱ्यांकडून ऐकविण्यांत आलें, तें आम्हांस मान्य नाहीं. जिच्यांत शेंकडा बारा-तेरा मद्यार्क आहे ती दारूच. शेतकऱ्याचें नांव पुढें केल्यानें तिचें सरबत होत नाहीं.

परंतु विरोधापुढें तो निर्णय अडला, म्हणून काय साधलें? विक्री थांबली नाहीं. थांबलें तें पाहून, वाचून घेणें. जाळी व्हिस्की पिणाराला अडवीत नाहीं. त्याला आपली बाटली डोळे मिटून ओळखतां येते. ती अडविते फक्त विचार करून थोडेंच घेऊं पाहणाराला. आणि औषधाच्या दुकानांतून द्राक्षासव आणतांना ज्या घराला लाज वाटत नाहीं, त्यानें त्यांतही आंबण्यानें मद्यार्क उत्पन्न होतो हें विसरूं नये. अज्ञान म्हणजे संयम नव्हे.

शेतकऱ्याचें हित खरोखर पाहावयाचें असेल, तर १९०७ सालचा फ्रान्स पाहावा. साखर-पाणी घालून केलेल्या बनावट मालानें भाव कोसळले, तेव्हां लांगदोक प्रांतांतील द्राक्षबागाईतदार लाखोंनीं रस्त्यावर आले. नार्बोन येथें गोळीबारांत माणसें मेलीं, आणि त्याच जून महिन्यांत भेसळीविरुद्ध कायदा झाला. पिणाराचें आणि पिकविणाराचें हित एकाच ठिकाणीं आहे, तें म्हणजे बाटलीवरील खऱ्या अक्षरांत, हें त्या बागाईतदारांनीं ओळखलें होतें. महाळुंग्याहून चाकणला येऊन नाशिकच्या रस्त्यास लागलें कीं वाटेंत नारायणगांव लागतें. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत शामराव चौगुले यांनीं तेथें फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फेसाळ वाईन काढली. २००१ सालीं सरकारनें द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचें धोरण आंखलें. पिकविण्याचें आणि आंबविण्याचें धोरण झालें. विकत घेणाराचें कोणतें?

आमचें मागणें लहान आहे. हंगामाचें साल, द्राक्षाचें नांव, गोडीचें मान आणि बाग कोठली, हें मराठींत, चाळिशी न लावतां वाचतां येईल अशा अक्षरांत छापावें. आरोग्याचा इशाराही तितक्याच मोठ्या अक्षरांत असावा. बाटली उन्हातापापासून दूर ठेवावी. आणि पैसे घेण्यापूर्वीं ती ग्राहकाच्या हातांत द्यावी. ज्याला नको असेल तो वाचून परत ठेवील. पण तसें करण्यासाठींही ती आधीं हातांत यावी लागते.