आधी जीआर वाचा, मग तुटून पडा

नागरिकहो, सरकारच्या एखाद्या निर्णयावर आज रात्री चिडून काही लिहिणार असाल, तर जरूर लिहा. फक्त आधी तो निर्णय उघडून वाचा.

२०२५ सालचा हिंदीचा वाद आठवा. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. ओरड झाली, तेव्हा १७ जूनला सुधारित जीआर आला. अनिवार्य हा शब्द गेला, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थी हवेत, अशी अट आली. मथळ्यावर थांबलेल्यांना वाटलं, सक्ती संपली. ज्यांनी जीआर वाचला त्यांनी विचारलं, ज्या वर्गाचा पटच पंधराचा आहे तिथे वीस आणायचे कुठून? २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. (त्यांच्याविरुद्ध मोर्चाची घोषणाही होती म्हणा, नुसत्या पोस्टींनी सरकार हलत नाही.)

अशा निर्णयांवर लोक समाजमाध्यमांवर बोलतात, कारण कचेरीत अर्जावर पोचेचा शिक्का मिळतो, उत्तर मिळत नाही. टीकेने सरकारवरचा विश्वास उडतो, हे आम्हाला मान्य नाही. उत्तर न मिळाल्याने तो उडतो. पण न तपासता पुढे पाठवलेला बनावट जीआर एकदा फिरला की खऱ्या तक्रारीलाही ‘अफवा’ म्हणून झटकून टाकायची सोय होते, आणि ती सोय आपणच करून देतो.

म्हणून पोस्टमध्ये जीआरची तारीख आणि संकेतांक टाका. मसुद्यावर हरकती मागवल्या असतील तर मुदत आजच पाहा. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. ते दिवस मीम फिरवण्यात जातात आणि हरकतींच्या फायलीत आपला कागदच नसतो. पोस्ट लिहिलीत, तर तोच मजकूर हरकत म्हणूनही पाठवा.

भीती वाटते, हे खरं. २०१२ मध्ये बंदवरच्या एका फेसबुक पोस्टपायी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदले जात असल्याचं २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलं. तेव्हा कोणी पोस्ट काढायला सांगितलं, तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा.

आणि खात्यांची हँडल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनो, प्रश्न विचारणाऱ्याला ब्लॉक करू नका. जीआरची लिंक द्या, आणि चूक झाली असेल तर शुद्धिपत्रक त्याच हँडलवर टाका.