किनारा सगळ्यांचा, पण कागद कुणाचा?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्य आहे. तिथल्या कूस बे शहरापासून सुमारे १९ किलोमीटरवर ‘सनसेट बे’ हे राज्य सरकारचं उद्यान. बाहेर पॅसिफिक महासागर खवळलेला असला, तरी इथे दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे आतलं पाणी शांत. लेकराबाळांना घेऊन निवांत बसावं असा किनारा. जवळच एका खडकाळ बेटावर केप अरागोचं दीपगृह. मैत्रिणींनो, जागा दोन हाकेच्या अंतरावरच्या, पण मालकीच्या गोष्टी अगदी वेगळ्या!

आधी किनाऱ्याची गोष्ट. ओरेगनमध्ये ओली वाळू १९१३ पासूनच सार्वजनिक रस्ता मानली जायची. कोरड्या वाळूचं काय, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. १९६६ मध्ये याच राज्यातल्या दुसऱ्या एका गावात मोटेलवाल्याने आपल्यासमोरची वाळू गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवली आणि इतरांना हटकलं. लोक चिडले. वर्तमानपत्रं-टीव्हीवर विषय गाजला, पत्रांचा पाऊस पडला. गव्हर्नर टॉम मॅक्कॉल यांनी बाजू लावून धरली आणि १९६७ मध्ये कायदा झाला. झाडोरा सुरू होतो तिथपर्यंतच्या वाळूवर सगळ्यांचा हक्क! साध्या माणसांनी वेळेवर तोंड उघडलं की काय होतं, ते बघा.

पण ‘सगळे’ म्हणजे कोण हो? या किनाऱ्यावर कूस, लोअर अम्प्क्वा, सायुस्लॉ या आदिवासी जमाती पिढ्यान् पिढ्या राहत होत्या. १८५५ मध्ये सरकारने त्यांच्याशी करार केला, पण अमेरिकी सिनेटने तो कधी मंजूरच केला नाही. कागद अर्धवट राहिला, जमीन मात्र गेली! १९५४ च्या कायद्याने तर जमात म्हणून त्यांची सरकारी ओळखही काढून घेतली. ती परत मिळाली १९८४ मध्ये. म्हणजे १९६७ चा तो आनंदाचा कायदा झाला, तेव्हा ही माणसं सरकारदरबारी जमात म्हणून नव्हतीच.

दीपगृहाच्या बेटावर त्यांच्या पूर्वजांची दफनभूमी आहे. तिथे १८६६ पासून दिवा लागत होता. आत्ताचा मनोरा १९३४ चा. २००६ मध्ये दिवा कायमचा बंद झाला. २००८ मध्ये कायदा झाला आणि २०१३ मध्ये ती जागा जमातींच्या ताब्यात आली. दिवा विझला, तेव्हा घर परत मिळालं म्हणायचं!

बेट पर्यटकांना खुलं नाही, लांबूनच बघायचं. कुणी म्हणेल, सार्वजनिक जागा कमी झाली की! मला तसं वाटत नाही. जन्मभर घर सारवणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सात-बाऱ्यावर नसेल, तर ‘सगळं आपलंच आहे गं’ या बोलण्याला काय अर्थ, हे बचत गटातल्या बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. ‘सगळ्यांचं’ म्हणताना आधी कुणाचं होतं, हे विचारलंच पाहिजे. वाळू सगळ्यांना खुली राहावी आणि पूर्वजांची जागा त्यांच्या लेकरांकडे जावी, यात भांडण कसलं? दोन्ही न्यायच आहेत. पहिला एका वर्षात मिळाला, दुसऱ्याला दीडशे वर्षांहून जास्त लागली, एवढाच काय तो फरक. आणि तोच सलणारा आहे.