विजयाच्या एका थेंबात किती औषध?



आपल्या दैनिकाच्या आदिलाबाद पानावर गांजा येतो तो पोलिसांच्या बातमीतूनच. पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या ओळींत लावलेली झाडे, उपटून घातलेला ढीग, मागे उभे अधिकारी. 2021 च्या ऑक्टोबरात तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी गांजा लावणाऱ्या शेतकऱ्याचे रयतू बंधू या सरकारी मदत योजनेचे पैसे बंद करण्याचा इशारा दिला होता. त्या कारवाईबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. नेरडीगोंड्यात माझे औषधांचे दुकान आहे आणि माझी तक्रार वेगळी आहे. पोलिसांच्या धास्तीने भांगेपासून बनवलेले, रीतसर परवान्याचे औषध घेणारा रुग्णसुद्धा ते डॉक्टरांपासून लपवतो, आणि खरा अपाय त्या लपवण्यातून होतो.

आधी कायद्याचे सांगतो. 1985 च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच पानांचा अर्क घातलेली आयुर्वेदिक औषधे आयुषच्या परवान्यावर बनतात. लेबलवर भांगेऐवजी 'विजया' लिहिलेले असते. मात्र भांग औषध-नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये, म्हणजे धोतरा, कुचला, बिब्बा यांच्याच विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. त्यामुळे अशा बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावीच लागते. भांगेचे नियम राज्यागणिक बदलतात. यवतमाळहून किंवा नांदेडहून बाटली आणणाऱ्याने नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी आणि बिल बाटलीसोबतच ठेवावे. एवढे केले तर ते औषध पदराआड लपवण्याचे कारण उरत नाही.

पण लोक लपवतात. मागे एक बाई मुलाच्या फिटांच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या. "भाऊ, पोरगं दिवसभर झोपूनच राहतं, गोळी बदलून देता का?" असे विचारू लागल्या. आणखी काही चालू आहे का, असे दोनदा विचारल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली. फोनवरून मागवलेले विजयाचे तेल. आदिलाबादच्या डॉक्टरांना सांगितले का? "ते पोलिसात देतील ना." मुलाला क्लोबाझाम ही फिटांची गोळी चालू होती. भांगेतला सीबीडी हा घटक यकृतात क्लोबाझामचा निचरा अडवतो. त्या गोळीचा सक्रिय अंश रक्तात साचत जातो आणि मूल सुस्त पडते. त्या बाटलीत सीबीडी किती होते ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून झोपेचे कारण तेच असे मी छातीठोक सांगणार नाही. पण डॉक्टरांना बाटलीच ठाऊक नसेल तर त्यांनी तरी डोस कशाच्या आधारावर ठरवायचा? फिटांवरच्याच सोडियम व्हॅलप्रोएटसोबत सीबीडी घेतल्यास यकृताचे एन्झाइम वाढू शकतात. वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते. या गोष्टी रक्ततपासणीत दिसतात, पण तपासणी करायची हे कोणाला तरी सुचावे लागते.

आता बाटलीकडे या. समजा लेबलवर लिहिले आहे: 30 मिली, विजया अर्क 1500 मिग्रॅ. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 50 मिग्रॅ, आणि मिलिलिटरचे साधारण 20 थेंब धरले तर थेंबात अडीच मिग्रॅ. पण हे वजन अर्काचे झाले. त्यात नशा आणणारे टीएचसी किती आणि सीबीडी किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. परदेशात टीएचसीची ड्रोनाबिनॉल नावाची कॅप्सूल मिळते. एड्सच्या रुग्णाला भूक लागावी म्हणून ती देतात तेव्हा सुरुवात अडीच मिलिग्रॅमपासून होते. इतक्या लहान मात्रेने परिणाम होणारे द्रव्य आपल्याकडे 'पाच ते दहा थेंब' अशा हिशोबाने घेतले जावे, हे मला औषधविक्रेता म्हणून पटत नाही.

फिटांबाबत तर मोठी फसगत होते. अमेरिकेने जून 2018 मध्ये एपिडायोलेक्सला मान्यता दिली, ही बातमी विक्रेते दाखवतात. ते जवळपास शुद्ध सीबीडी आहे, आणि मान्यता मिळाली ती ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन दुर्मीळ आजारांतल्या झटक्यांसाठी. 2020 मध्ये तिसरा आजार जोडला गेला. एपिडायोलेक्सची सुरुवातच वजनाच्या किलोमागे दिवसाला 5 मिग्रॅने होते. वीस किलोच्या मुलाला रोज 100. वरच्या बाटलीतला सगळा अर्क निव्वळ सीबीडी मानला तरी ती पंधरा दिवसांत संपेल. चार थेंबांना एपिडायोलेक्सचा पुरावा लावता येत नाही, आणि त्या भरवशावर चालू गोळी बंद करणे म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घालणे. बियांच्या तेलाचेही तसेच. नोव्हेंबर 2021 पासून भांगेच्या बिया आणि त्यांचे तेल अन्न म्हणून विकायला परवानगी आहे. खायला चांगले, पण औषध म्हणून त्यात घेण्यासारखे काही नाही.

कर्करोगाच्या रुग्णाचे दुखणे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. केमोच्या उलट्या-मळमळीवर टीएचसीसारख्या द्रव्यांचा उपयोग मान्य झालेला आहे. दुखण्यावरचा पुरावा मात्र वादातच आहे. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये त्याची शिफारस करायला नकार दिला. अशा रुग्णाला आधी मॉर्फिन मिळाले पाहिजे. 2014 मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली ती मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते सुलभपणे ठेवता यावे म्हणूनच. हैदराबादच्या एमएनजे कर्करोग संस्थेत वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. घरच्यांनी तेलाच्या बाटलीवर हजारो रुपये घालण्याआधी तिथे विचारावे, ही माझी हात जोडून विनंती.

काहीजण म्हणतात, आजोबा गांजा ओढायचे, काही झाले नाही. शेतातल्या झाडात टीएचसी किती ते कोणी मोजलेले नसते, आणि कापसावर मारलेली कीटकनाशके त्यावरही पडतातच. धुरातून परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटातून घेतल्यावर अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात. माणूस 'लागला नाही' म्हणून दुसरा डोस घेतो आणि रात्री उठताना पडतो. गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, घरात कोणाला वेडाचा आजार असलेल्यांनी टीएचसीपासून लांबच राहावे. घेतलेल्या दिवशी ट्रॅक्टर नको, चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवर मोटारसायकल तर नकोच.

मग सगळे बंदच करा, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. बंदी आली तर ती बाई बाटली आणखी खोल लपवेल. मला हवे ते एवढेच: विजयाच्या प्रत्येक औषधावर मिलिलिटरमागे टीएचसी आणि सीबीडीचे मिलिग्रॅम छापणे सक्तीचे करा आणि त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागणाऱ्याला द्या. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयापर्यंत केसपेपर लिहिताना, बीपी-शुगरचे विचारतात तसेच, तेल, थेंब, काढा काही चालू आहे का, हेही विचारले जावे. मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत, आणि सांगणाऱ्याला पोलिसात देणार नाही हे पहिल्याच वाक्यात सांगून.

— एक औषधविक्रेता, नेरडीगोंडा, जि. आदिलाबाद