पाण्यात पडलेले सोने

पेठ, मंचर, घोडेगाव, जुन्नर या परिसरातील कुटुंबांचा घोड आणि कुकडी या नद्यांशी असलेला संबंध केवळ शेतीपुरता नाही. उन्हाळ्यात मुले डोहात पोहतात, सुटीत पाहुण्यांसह पाण्याकाठी सहल निघते, ओझरला आलेले यात्रेकरू कुकडीत उतरतात. थंड पाण्यात बोटे आकसतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठी नकळत निसटते. घरी परतल्यावर ते ध्यानात येते, आणि ‘पाण्यात गेले ते गेले’ असे म्हणून विषय मिटविला जातो. ही निराशा बहुधा घाईची असते.

शुद्ध सोने पाण्याच्या सुमारे 19 पट जड असते. वाळू जेमतेम अडीच पटींहून थोडी अधिक. त्यामुळे साधा प्रवाह वाळू पुढे नेतो, पण अंगठी खाली बसते आणि वाळू हलेल तसतशी आणखी खाली जाते, खडकाच्या खाचेला किंवा कठीण थराला टेकेपर्यंत. मोठा पूर आला नाही तर ती पडल्या जागेच्या आसपासच असते. झारेकऱ्यांचा सारा व्यवसाय याच गुणावर उभा होता. सोनाराच्या दुकानातील केर आणि राख घेऊन ते ती पाण्यात धूत. हलके ते वाहून जाई, सोने तळाशी उरे.

म्हणून दागिना पडल्याचे कळताच सर्वांनी पाण्यातून बाहेर यावे. दहा जणांनी पायांनी तळ ढवळला की दागिना आणखी खोल रुततो. काठावरील झाड, घाटाची पायरी, एखादा मोठा खडक अशा दोन-तीन खुणा धरून जागा टिपून ठेवावी. डोहात बुडी मारून शोधण्याचे धाडस कोणीही करू नये. दागिन्यासाठी जीव पणाला लावणे हा व्यवहारही नव्हे. कालव्याचे आवर्तन संपून पात्र आटेपर्यंत किंवा डिंभ्याचे पाणी उन्हाळ्यात मागे हटेपर्यंत थांबता येते. सोने गंजत नाही.

मग मेटल डिटेक्टर कामास येतो. त्याच्या तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र निघते. जवळच्या धातूत त्यामुळे सूक्ष्म प्रवाह उमटतात आणि यंत्र ते ओळखून आवाज करते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा नदीचे गोडे पाणी या कामाला सोयीचे. आपल्याकडील अडचण वेगळी आहे. येथील काळ्या पाषाणात लोह असल्याने यंत्र उगाच बोलते, आणि घाटाजवळ तर भाविकांनी टाकलेली नाणी, खिळे, बाटल्यांची झाकणे पावलोपावली आवाज देतात. प्रत्येक आवाज खणून पाहण्याची चिकाटी हवी. अखंड कडे असलेली अंगठी वीतभर वाळूखालीही ओळखता येते. नाजूक कड्यांची साखळी मात्र तितक्या खोलीवर बहुधा निसटते. दोरीला लोहचुंबक बांधून घाटावर नाणी काढणाऱ्या मुलांना सोने सापडेल, ही आशा व्यर्थ आहे. चुंबकाला पोलादी नाणी चिकटतात, सोने नाही.

जाणकाराला बोलावण्यापूर्वी बक्षिसाची रक्कम लेखी ठरवावी. भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकी जबाबदारी येते. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर सापडवणारा ते मागू शकतो आणि मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवू शकतो; पण वस्तू त्याची होत नाही. जमिनीत दडलेल्या जुन्या ठेव्याचा नियम निराळा. जुन्नर ही सातवाहनकाळापासूनची व्यापारपेठ, त्यामुळे शोधता शोधता प्राचीन नाणी हाती लागणे अशक्य नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची पेढी आहे. त्यांच्यापुढे प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. वाळू लागलेली एकच बांगडी घेऊन कोणी बिलाविना मोडीला येतो, भावासाठी घासाघीसही करीत नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्याणुव्रत सांगताना पडलेल्या आणि विसरलेल्या परधनाचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि तत्त्वार्थसूत्र चोरीचा माल घेण्याला त्या व्रताचा अतिचार मानते. म्हणजे ‘मी चोरले नाही, फक्त विकत घेतले’ हे उत्तर तेथे चालत नाही. आता तर मालक शोधणे पूर्वीइतके अवघडही नाही. 2021 पासून हॉलमार्कसोबत एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक येऊ लागला. भिंगाखाली तो वाचून बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की दागिना कोणत्या नोंदणीकृत सराफाने हॉलमार्क करून घेतला ते कळते, आणि त्या पेढीच्या बिलबुकातून ग्राहकापर्यंत पोहोचता येते. जुन्या दागिन्यांवर हा क्रमांक नसतो. त्यांचे वजन, घडणीचे वर्णन आणि छायाचित्र घरच्या वहीत नोंदलेले असेल, तर सराफाकडे वा पोलीस ठाण्यात ओळख पटविणे सुकर होते.