१९६ वा गडी

अमेरिकन फुटबॉलमध्ये नवे खेळाडू सात फेऱ्यांत निवडले जातात. उशिरा निवडलेल्या गड्याची खरी परीक्षा मोसमापूर्वीच्या सराव सामन्यांत होते. ९० जणांतून संघात ५३ च उरतात. तरी प्रेक्षकांची आशा अशाच पोरावर जडते.

आम्हाला टेरेल डेव्हिस आठवतो. चेंडू घेऊन धावणे हे त्याचे काम. १९९५ साली डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने त्याला सहाव्या फेरीत, १९६ वा म्हणून घेतले. टोकियोतील सराव सामन्यात चेंडू अडवायला धाडले, तर त्याने समोरच्या गड्याला असे आडवे केले, की प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर खिळली. त्याच वर्षी तो मुख्य धावपटू झाला. १९९८ च्या मोसमात २००८ यार्ड धावला!

प्रत्येकाचा डेव्हिस होत नाही, हे आम्ही जाणतो. पण निवडीचा क्रमांक म्हणजे माणसाची लायकी नव्हे. संधी मात्र मिळाली पाहिजे.