प्रयोगवहीतला खोडलेला आकडा

शाळा उघडली की आम्हां शिक्षकांना पाठटाचणाच्या वहीत अध्यापनाची उद्दिष्टे लिहावी लागतात. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी त्यांची ठरलेली शीर्षके. इंदूरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवताना ती मी वर्षानुवर्षे इतक्या इमानाने उतरवून काढली आहेत, की झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवीन. त्यांचा अर्थ मात्र नववीतल्या एका मुलीच्या वहीने मला शिकवला. आणि तोही त्या वहीवर मी ‘बरोबर’ची खूण करून झाल्यावर.

प्रयोग अगदी साधा. चंचुपात्रात बर्फाचे तुकडे घ्यायचे, त्यात तापमापी धरायची, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा आणि बर्फ वितळून पाणी उकळेपर्यंत दर मिनिटाला पारा कोठे आला ते लिहायचे. वर्गात आठ गट होते. आठही वह्यांत शेवटचा आकडा १००. मी भराभर खुणा करीत गेलो. एका वहीत कागद जरा खरवडलेला वाटला, म्हणून ती उजेडात धरली. १०० च्या खाली पुसलेला ९८ दिसत होता.

वहीची मालकीण आपल्याच एका मराठी कुटुंबातली. तिला जवळ बोलावून विचारले, “काय गं, हे का खोडलेस?”

आधी ती घाबरली. मग हळूच म्हणाली, “सर, पारा अठ्ठ्याण्णवच्या पुढे जातच नव्हता. पण पुस्तकात शंभर आहे. म्हणजे आमचंच काहीतरी चुकलं असणार.”

इतर गटांना खोदून विचारले, तेव्हा कळले की शंभर कोणीच पाहिले नव्हते.

आणि ते दिसणारही नव्हते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. पाणी १०० अंशांवर उकळते ते हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असताना. आमच्याकडे तो ७१० च्या आसपास असतो, आणि पाणी ९८ अंशांच्या थोडे पुढे गेले की उकळू लागते. हे मला ठाऊक नव्हते काय? पूर्ण ठाऊक होते. दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध मी दरसाल फळ्यावर लिहीत आलो आहे. (शाळेत त्याला क्वथनांक म्हणावे लागते. क्वाथ म्हणजे काढा हे घरच्या मराठीमुळे मला पटकन उमगते, एवढाच काय तो आम्हां दुभाषी मास्तरांचा फायदा!) परंतु फळ्यावरचे ज्ञान टेबलावरच्या चंचुपात्रापर्यंत कधी पोहोचले नव्हते. पूर्वी कुणा मुलाने ९८ लिहिले असता मी त्याचा गुण कापून ‘तापमापी नीट धरावी’ असा शेरा मारल्याचे मला स्पष्ट आठवते. ती मुले आता कोठे असतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी नेहमीचा पाठ बाजूला ठेवला. पहिली शंका तापमापीवर घेतली. ती वितळत्या बर्फात बुडवली, शून्य दाखवले. मग शुद्ध पाणी उकळून तिचा फुगा वाफेत धरला. पारा ९८ च्या किंचित वर थांबला. शेवटी कपाटातला वायुभारमापक काढून त्याच्यावरची धूळ पुसली आणि मुलांनीच दाब वाचला. सेल्सियसने १७४२ मध्ये सुचवलेल्या मापनात उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर होते, पुढे ते उलटवले गेले, हे सांगितले तेव्हा वर्ग खळखळून हसला. पुस्तकातला आकडाही कुणा माणसाने ठरवलेला असतो, हे त्यांना बहुधा प्रथमच जाणवले.

आमच्याच राज्यात, तेव्हाच्या होशंगाबाद म्हणजे आताच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, १९७२ साली १६ माध्यमिक शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला होता. ‘बालवैज्ञानिक’ ही त्याची पुस्तके आयती उत्तरे देत नसत. मुलांनी प्रयोग करून ती शोधायची. परीक्षेलाही पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे. सरकारने २००२ मध्ये तो बंद केला. त्या पुस्तकांपुढे माझे पाठटाचण मला फार गुळगुळीत वाटते.

आठवड्याभराने त्या मुलीचे वडील भेटायला आले. रागावले नव्हते, काळजीत होते. “सर, बोर्डाच्या पेपरात काय लिहायचं? अठ्ठ्याण्णव लिहिलं तर गुण जातील ना?” प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “पेपरात ‘प्रमाण दाबाला १००’ असे लिहू द्या. प्रयोगवहीत मात्र दिसेल तेच.” त्यांचे पुरते समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. कारण तिची वही उद्या दुसऱ्या कुणा परीक्षकाच्या हाती जाईल, आणि तोही माझ्यासारखाच भराभर खुणा करणारा असू शकेल.

आपली घरे निरनिराळ्या उंचीवर विखुरलेली आहेत. बडोदे जवळजवळ समुद्रसपाटीवर, तेथे पारा शंभराला टेकेल. हैदराबादेत आमच्यासारखेच, बेळगाव साडेसातशे मीटरांच्या आसपास, म्हणून आणखी थोडे खाली. केदारनाथला तर सुमारे ८८ अंशांवरच पाणी उकळते, आणि उघड्या भांड्यातली डाळ शिजता शिजत नाही. घरात शाळकरी मुले असतील त्यांनी शाळेतून तापमापी मागून घेऊन, वडीलधाऱ्यांच्या देखत, एकदा पाणी उकळून पाहावे आणि जो आकडा दिसेल तो गावाच्या नावासह मला कळवावा. आमच्या वर्गाने भिंतीवर नकाशा लावला आहे. इंदुरापुढे ९८ लिहून झाले आहे. ते त्या मुलीनेच, शाईने लिहिले.